सेंधव्याच्या घाटाचे नाईक

सत्तावन्न सालचे बंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी ही नावे उभी राहतात. ती राहावीत हे योग्यच आहे. परंतु आपल्या पुरुषोत्तमनगरातल्या कोणत्याही घराच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले म्हणजे जो निळा डोंगर दिसतो, त्या सातपुड्यातही तेच साल पेटले होते, आणि तिथली आग दिल्ली पडल्यानंतर तीन वर्षे धुमसत होती. त्या आगीच्या मध्यभागी जी माणसे होती त्यांत खाज्या नाईक यांचे नाव पहिल्याने घ्यावे लागते. सरकारी दप्तरात त्यांना काजरसिंग म्हटले आहे.

त्यांच्याविषयी दोन तऱ्हेचे बोलणे आपल्या कानी येते. इंग्रजी अंमलदारांनी त्यांना दरोडेखोर ठरविले. उलट आता त्यांच्या नावाने मेळावे भरतात, तिथे त्यांना क्रांतिवीर म्हणतात. आम्ही आज मिरवणुकीचे भाषण करणार नाही आणि फिर्यादीचेही करणार नाही. आमचे आयुष्य कामगारांत गेले. त्यामुळे एखादा माणूस उठला की त्याने काय मोडले हे विचारण्याआधी तो कोणत्या कामावर होता, त्याला काय मिळत होते आणि त्याचे कुठे बिनसले, हे विचारण्याची आम्हांला सवय लागली आहे. तोच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत. सुमारे वीस वर्षे ज्याने सरकारचा रस्ता राखला, त्याच माणसाने त्या रस्त्यावरचा सरकारचा खजिना का लुटला?

आधी तो रस्ता समजून घेतला पाहिजे. मुंबईहून निघून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर असा येणारा मुंबई-आग्रा मार्ग पळासनेरपाशी सातपुड्याला भिडतो, बिजासनीचा घाट चढतो आणि सेंधव्याला उतरून इंदूरकडे जातो. आपल्याकडून खेतिया, पानसेमल करीत गेले म्हणजे आपणही त्याच सेंधव्याला पोहोचतो. रेल्वे तेव्हा नव्हती. माळव्यात आणि उत्तर हिंदुस्थानात जाणारे विलायती कापड, मीठ, टपाल आणि पलटणी या घाटातून वर चढत. वरून खाली येत ती माळव्याची अफू, धान्य आणि सरकारी खजिन्याच्या गाड्या. ही अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई आणि तिच्यावरच्या करातून कंपनी सरकारला मोठे उत्पन्न होई. त्या अफूच्या व्यापारासाठी इंग्रजांनी चीनशी दोनदा युद्ध केले, त्यांतले दुसरे १८५६ ते १८६० या आपल्याच गोष्टीच्या काळात चालू होते. १८५० नंतर याच मार्गाने तारायंत्राची तारही गेली. सारांश, सेंधव्याचा घाट ही सरकारच्या गळ्यातली शीर होती आणि ती राखण्याचे काम एका भिल्ल नाइकाच्या हाती होते.

हे असे का? तर घाट नाइकाने राखावा ही रीत इंग्रजांनी पाडलेली नव्हती. ती फार जुनी. डोंगरातून वाटसरू, बंजाऱ्यांचे तांडे, व्यापाऱ्यांच्या गाड्या जात, त्यांच्याबरोबर नाइकाची माणसे तीरकमठा घेऊन चालत आणि त्याबद्दल वळावा घेत. पायथ्याच्या गावांनी राखणीबद्दल धान्य द्यावे, काही हक्क द्यावा, असाही रिवाज होता. त्याला कोणी हक्क म्हणे, कोणी खंडणी म्हणे. ज्याची सत्ता असेल त्याच्या तोंडचा शब्द दप्तरात लिहिला जातो, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

पेशवाईच्या अखेरीस ही घडी मोडली. होळकर-शिंद्यांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश उद्ध्वस्त झाला, गावे ओस पडली, हक्क देणारेच उरले नाहीत. त्याच सुमारास कोपरगाव येथे पेशव्यांच्या सरसुभेदाराने भिल्लांना विश्वासाने बोलावले आणि दगा करून त्यांची कत्तल केली. इंग्रजांच्या आधी सारे आलबेल होते असे ज्यांना वाटते त्यांनी कोपरगावची गोष्ट विसरू नये.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन ब्रिग्ज हा पहिला अधिकारी. आरंभीची सात वर्षे सरकारने पलटणी पाठवून, डोंगराच्या वाटा अडवून, धान्य तोडून भिल्लांना नमविण्याचा खटाटोप केला. माणसे मेली, रोगाने शिपाईही मेले, पण डोंगर काही हाती आला नाही. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. १८२५ साली भिल्लांसाठी निराळे एजंट नेमले गेले आणि लेफ्टनंट औट्रम याच्याकडे भिल्ल पलटण उभी करण्याचे काम आले. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. औट्रम भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात बसला-उठला, आणि ज्यांना धरायला आधी फौज जात होती तेच लोक सरकारचा गणवेश घालून फौजेत उभे राहिले. शेती करील त्याला बैल-बियाण्याला तगाई, जुन्या नाइकांना नेमणुका आणि घाटांच्या राखणीवर पगार, असा तो बंदोबस्त होता.

हा बंदोबस्त शहाणपणाचा होता हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यात एक फरक झाला. पूर्वी नाईक घाटाचा धनी म्हणून वळावा घेत असे, आता तो सरकारचा चाकर म्हणून पगार घेऊ लागला. हक्काचा पगार झाला. हक्क काढून घ्यायचा तर लढाई करावी लागते, पगार बंद करायला कारकुनाची एक ओळ पुरते. खाज्या नाईक यांची सारी कथा या एका फरकात साठवलेली आहे.

सेंधव्याच्या घाटाची नाइकी त्यांच्या घरात होती. वडील गुमानसिंग नाईक यांच्यामागून ती त्यांच्याकडे आली. १८३१ पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी ती चोख केली, घाटातून मालाच्या गाड्या सुखरूप उतरविल्या. पुढे १८५० च्या सुमारास, वाटसरूंना लुटणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्या हातून मारला गेला. नाइकाच्या रिवाजाप्रमाणे तो राखणीचाच भाग होता, कंपनीच्या कायद्याप्रमाणे तो मनुष्यवध होता. कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. माणसाला मार देऊन मारणे वाईटच, त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण ज्या सरकारने त्याच्या हाती घाट दिला, त्याने घाट कोणत्या रिवाजाने राखावा हे वीस वर्षांत कधी सांगितले नाही आणि शिक्षा देताना मात्र पुस्तक उघडले, हेही तितकेच खरे आहे.

तुरुंगात वागणूक चांगली म्हणून सुमारे निम्मी शिक्षा भोगल्यावर त्यांची सुटका झाली आणि १८५६ च्या सुमारास सरकारने त्यांना पुन्हा घाटाच्या कामावर घेतले. म्हणजे त्यांच्यावाचून सरकारचे अडत होते. परंतु एकदा कैदी म्हणून पाहिलेल्या माणसाकडे अंमलदार पुन्हा नाईक म्हणून पाहीनात. मन दुखावले, बिनसले, आणि १८५७ साली उत्तरेच्या बातम्या याच घाटातून खाली येऊ लागल्या तेव्हा खाज्या नाईक चौकी सोडून डोंगरात गेले.

येथे एक योगायोग सांगितला पाहिजे. त्याच वर्षी नाशिक-नगरच्या बाजूला भागोजी नाईक उठले. तेही आधी पोलिसातले अंमलदार. १८५५ साली शिक्षा, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्या म्हणून हुकूम, आणि मग बंड. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर-शिंगोटे येथे त्यांच्याशी झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री ठार झाला. दोघांत कित्येक कोसांचे अंतर, पण वाट एकच. सरकारचे हत्यार वापरायला सरकारनेच शिकविलेली, आणि नंतर अपमान करून दारातून काढलेली ही माणसे होती. ज्याने राज्य आतून पाहिले आहे तोच त्याची कमजोर जागा जाणतो.

खाज्या नाइकांना ती जागा ठाऊक होती. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईकडे येणारा सरकारी खजिना घाटाजवळ जामलीच्या चौकीपाशी लुटला गेला. ऐवज सात लाख रुपयांचा होता. आज ही रक्कम एखाद्या मोटारीची किंमत वाटेल, त्या काळी ती पलटणीचे पगार भागविणारी होती. अफूच्या गाड्याही लुटल्या गेल्या. हा दरोडा होता काय? गाडी कोणाची, माल कोणाचा, आणि लुटल्याने कोण लंगडा झाला, हे पाहून आपण उत्तर द्यावे. उत्तरेत फौजा लढत असताना दक्षिणेकडचा पैसा आणि टपाल अडविणे याला युद्धशास्त्रात शत्रूची रसद तोडणे म्हणतात.

आता त्यांच्या राजकारणाकडे वळू. ते एकटे नव्हते. बडवानीकडचे भीमा नाईक हे त्यांचे नातलग आणि जोडीदार, मेवासिया नाईक हे तिसरे. या तिघांभोवती भिल्ल तर जमलेच, पण मकराणी आणि अरब शिपाईही आले. हे लोक मूळचे संस्थानिकांच्या चाकरीतले. संस्थानांच्या फौजा कमी झाल्या तसे बेकार झालेले, पण बंदूक चालविण्यात वाकबगार. डोंगराचा भिल्ल आणि मुलूखगिरीचा मुसलमान शिपाई एका फळीत उभे राहिले, ही गोष्ट आजच्या दिवसांत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मात्र त्या जोडणीचा एक भाग पगारावर होता, आणि पगारावरचा माणूस दुसरीकडून जास्त पगार आला की कोणीकडे जाईल हा प्रश्न तिच्यात पहिल्यापासून होता. त्याचे उत्तर पुढे मिळाले.

लढण्याची त्यांची पद्धत मुलखाला धरून होती. तीरकमठा, तोड्याच्या बंदुका, गोफणी ही हत्यारे. एके ठिकाणी मुक्काम नाही. खाली उतरावे, माल उचलावा, फौज येईपर्यंत वर जावे. पावसाळ्यानंतर डोंगर हिरवा असतो, झाडीत दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, ओढ्यांना पाणी असते, तोवर ही पद्धत सरकारला पुरून उरली. पण ज्यांनी सातपुड्यात उन्हाळा काढला आहे त्यांना ठाऊक आहे की चैत्रात सागाची पाने गळतात, डोंगर उघडा पडतो, पाणी मोजक्या झऱ्यांपाशी उरते. मग फौजेला माणसे शोधावी लागत नाहीत, पाणी शोधले की पुरते. डोंगरातल्या कितीतरी पाड्यांच्या नावांत ‘पाणी’ हा शब्द आहे तो उगीच नाही.

अशाच एका ठिकाणी, आंबापाणी येथे, ११ एप्रिल १८५८ रोजी मेजर इव्हान्सच्या फौजेने त्यांना गाठले. खडकांच्या आडोशाने नाइकांची माणसे तासन् तास लढली. इंग्रज अंमलदारांतले काही त्या दिवशी गोळ्यांना बळी पडले किंवा जखमी झाले, यावरून लढत किती निकराची होती ते दिसते. पण शिबंदी फुटली. खाज्या नाइकांचा तरुण मुलगा या लढाईत कामास आला. लढाईनंतर जे घडले ते लढाईपेक्षा भयंकर होते. पकडलेल्यांपैकी पन्नासाहून अधिक माणसांना जागच्या जागी लष्करी कोर्ट बसवून गोळ्या घालण्यात आल्या. शेकडो बायका कैद झाल्या, त्यांत नाइकांच्या घरच्या स्त्रियाही होत्या. त्या कशासाठी? नाईक शरण यावेत म्हणून. घरची माणसे ओलीस धरून कर्त्याला वाकविण्याची युक्ती मालकवर्गाला फार जुन्या काळापासून अवगत आहे.

आणि आणखी एक गोष्ट. ज्या फौजेने डोंगर घेरला तिच्यात भिल्ल पलटणीचेही शिपाई होते. डोंगराच्या दोन्ही अंगांना भिल्लच उभा होता. एका बाजूला ज्याची नोकरी गेली तो, दुसऱ्या बाजूला ज्याची अजून शाबूत आहे तो.

आंबापाण्यानंतरही खाज्या नाईक हाती लागले नाहीत. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, क्षमेची भाषा सुरू झाली. त्याच महिन्यात तात्या टोपे नर्मदा उतरून या मुलखात आले, आग्रा रस्त्यावर त्यांनी गाड्या लुटल्या, तारा तोडल्या, आणि २५ नोव्हेंबरला राजपूर येथे इंग्रज फौजेशी झटापट देऊन ते छोटा उदेपूरकडे निघून गेले. एप्रिल १८५९ मध्ये तात्यांना फाशी झाली. ११ नोव्हेंबर १८५९ ला भागोजी नाईक सिन्नर तालुक्यात मिठसागर येथे फ्रँक साउटर याच्या पोलिसांशी लढताना पडले. एकेक दिवा विझत गेला तरी खाज्या नाईक डोंगरात होते. अखेर ३ ऑक्टोबर १८६० रोजी रोहिद्दीन नावाच्या एका मकराणी जमादाराने, विश्वासातला होऊन, त्यांना गोळी घातली. पगारावरच्या जोडणीचे उत्तर ते हे. भीमा नाईक १८६७ पर्यंत टिकले, मग पकडले गेले, काळ्या पाण्यावर गेले आणि १८७६ साली अंदमानातच वारले.

आता विचार करण्याचा भाग येतो. ही तीन वर्षांची धडपड फसली का? दारूगोळा कमी पडला हे एक कारण, पण ते सर्वांत मोठे नव्हे. मोठे कारण शोधायला पाच वर्षे मागे, १८५२ सालात जावे लागते. त्या साली सरकारने खानदेशात जमिनीची नवी मोजणी सुरू केली. सारा वाढेल या भीतीने सावदा, फैजपूर, यावल, एरंडोलकडचे शेतकरी हजारोंनी जमले, मोजणीदारांना त्यांनी पिटाळून लावले. हा उठाव मोडण्यासाठी सरकारने कोणाला पाठविले? कॅप्टन मॉरिसच्या हाताखालच्या भिल्ल पलटणीला. म्हणजे पठारावरचा शेतकरी उठला तेव्हा डोंगरातला शिपाई त्याच्यावर चालून गेला, आणि १८५७ साली डोंगर उठला तेव्हा पठारावरचा शेतकरी आपल्या घरी बसला. त्याला भिल्ल म्हणजे लुटारू एवढेच ठाऊक होते, आणि नाइकांच्या माणसांनीही धान्यासाठी पायथ्याची गावे लुटली तेव्हा तो समज पक्का झाला. सरकारला दोघांना एकदम तोंड द्यावे लागले नाही. खानदेशातले इंग्रजी राज्य या दुफळीवर उभे होते, तोफांवर नंतर.

दुसरे कारण असे की नाइकांच्या मागण्या मुलखाच्या मागण्या होऊ शकल्या नाहीत. घाटाचा हक्क, नाइकीचा मान, अपमानाचा सूड, हे सारे न्याय्य असेल, पण त्यात शिरपूरच्या विणकराचे, शहाद्याच्या कुणब्याचे काय? जी लढाई शेजाऱ्याला आपली वाटत नाही ती कितीही शूर असली तरी एका डोंगरात कोंडता येते.

याच सुमारास जगात दुसरीकडे एक राज्य फुटत होते. खाज्या नाईक मारले गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात अमेरिकेत लिंकन निवडून आला, डिसेंबर १८६० मध्ये दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाले आणि १८६१ च्या आरंभी जेफरसन डेव्हिस हा फुटीर राज्यांचा अध्यक्ष झाला. त्यांच्याजवळ घटना होती, सेनापती होते, रेल्वे होती. पण ते फुटले ते माणसांना गुलाम ठेवण्याचा हक्क राखण्यासाठी. इकडे आमचे नाईक फुटले तेव्हा त्यांच्याजवळ लिहिलेली घटना नव्हती, पण ते कोणाला बेडी घालण्यासाठी फुटले नाहीत. राज्यापासून फुटून निघणे ही गोष्ट स्वतःहून चांगली नाही आणि वाईटही नाही, ती कशासाठी याच्यावर तिची किंमत ठरते.

त्या अमेरिकन युद्धाचा धागा आपल्या शेतापर्यंत येतो. तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापारी, सावकार, बडे शेतकरी हात धुऊन घेऊ लागले. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज राहिले. याच वर्षी पहिला जंगल कायदा झाला आणि १८७८ ला दुसरा, अधिक कडक. डोंगराचा मालक सरकार झाले. कुऱ्हाड नेली तर गुन्हा, गुरे चारली तर दंड. रेल्वे खांडव्यावरून गेल्यावर सेंधव्याच्या घाटाची मातब्बरी उतरली आणि घाट राखणाऱ्या नाइकाची गरज कोणालाच उरली नाही. पायथ्याला जमिनी सावकाराकडे गेल्या, नाइकाचा नातू सालदार झाला. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली आणि अंबरसिंग महाराजांच्या मागे हजारो माणसे जमिनीच्या प्रश्नावर चालू लागली, ती याच हिशेबाची पुढची पाने होती.

आज या घटनेतून आपण काय घ्यावे? तीरकमठा घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. पहिली गोष्ट, कामावरून काढण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे हा साधा हक्क. खाज्या नाईक आणि भागोजी नाईक यांच्या काळी दाद मागायला जागा नव्हती. १९२६ च्या कामगार संघ कायद्याने आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने या देशात ती निर्माण झाली. ती कोणी बक्षीस दिली नाही, दोन पिढ्यांच्या संपांनी मिळविली, आणि कायद्याची नावे बदलली तरी ती जागा राखणे आपले काम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने डोंगरातल्या कसणाऱ्याचा हक्क मान्य केला, तोही याच जातीचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपण साखरेच्या वसाहतीत राहणारी माणसे. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, किती तर गुजरातेत जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एका कोयत्यामागे नवरा-बायको राबतात, पोरे पाचटाच्या खोपीत वाढतात. कारखान्यातल्या कायम कामगाराचा पगार ठरतो, बोनस ठरतो, तेव्हा त्या ठरावात कोयत्याचे नाव असते काय? शेतकऱ्याच्या उसाचा भाव ठरतो तेव्हा तोडणीच्या दराचा प्रश्न त्याला आपला वाटतो काय? १८५२ साली आणि १८५८ साली आपल्या मुलखात जे झाले ते हेच की एकाच्या वेळी दुसरा घरी बसला, किंवा समोरच्या बाजूने उभा राहिला. नोकरी शाबूत असलेला माणूस नोकरी गेलेल्याकडे बंदूक रोखून उभा असतो, तोवर दोघांचाही हिशेब तिसराच मांडतो.

खाज्या नाइकांच्या पुतळ्याला हार घालणारे वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण हार घालून झाल्यावर येत्या हंगामात कोयत्याचा दर ठरविण्याच्या बैठकीत आपल्यापैकी किती जण बसतात, ते आम्ही मोजणार आहोत. आपणही मोजावे.